आकडेमोड कोणाच्या सहीची?

बांधकामात आराखड्याचे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्यात सांगाडा ठरतो: खांब कुठे उभे राहतील, तुळई किती खोल असेल, पुलाचा गाळा किती लांबीचा असेल. दुसऱ्यात त्या सांगाड्याचा एकेक सांधा ठरतो: तुळई खांबाला किती बोल्टांनी धरायची, वेल्डिंग किती जाडीचे, पायाच्या काँक्रीटमध्ये बोल्ट किती खोल रुजवायचा. साइटवर या दुसऱ्या कामाला डिटेलिंग म्हणतात. पहिल्या टप्प्याचा धनी कोण, हे बहुधा सगळ्यांना ठाऊक असते, कारण नकाशावर त्याचे नाव आणि सही असते. दुसऱ्याचे तसे नाही. सल्लागार अभियंता, मुख्य कंत्राटदार, पोलादी भाग कारखान्यात तयार करणारा फॅब्रिकेटर, त्याने नेमलेला ड्राफ्ट्समन, माल पुरवणारी कंपनी असे ते काम हातोहात पुढे जाते. आकडेमोड आधीच्या हाताने केलीच असेल, असे प्रत्येकाला वाटू शकते. करारातली तपशीलवार आराखड्याच्या जबाबदारीची कलमे नेमकी या जागेसाठी असतात.

ती जागा मोकळी राहिली की काय होते, हे अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी दिसले. हयात रीजन्सी हे चाळीस मजली हॉटेल उघडून जेमतेम एक वर्ष झाले होते. त्याच्या उंच दिवाणखान्यात छतापासून लोखंडी सळ्यांनी टांगलेले तीन पादचारी पूल होते. त्यांतला दुसऱ्या मजल्याचा पूल चौथ्या मजल्याच्या पुलाच्या बरोबर खाली होता. त्या संध्याकाळी खाली नृत्याचा कार्यक्रम रंगला होता आणि काही माणसे पुलांवर उभी राहून तो पाहत होती. सात वाजून गेल्यावर चौथ्या मजल्याचा पूल सळ्यांवरून सुटला, खालच्या पुलावर आदळला आणि दोन्ही पूल गर्दीवर कोसळले. ११४ माणसे मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

मूळ नकाशात छतापासून निघालेली एकच लांब सळई दोन्ही पुलांमधून खाली जात होती आणि प्रत्येक पूल आपापल्या नटावर टेकलेला होता. एवढ्या लांब सळईला चौथ्या मजल्यापर्यंत आटे पाडायचे आणि उभारणी करताना ते खराब होऊ द्यायचे नाहीत, हे अवघड होते. म्हणून फॅब्रिकेटरच्या शॉप ड्रॉइंगमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या कामासाठी काढलेल्या नकाशांत, एका सळईच्या जागी दोन आल्या: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. वरवर पाहता फरक काहीच नव्हता. पण एकाच दोरीला दोन ठिकाणी गाठ मारून दोन शिंकी टांगणे वेगळे, आणि खालचे शिंके वरच्या मडक्याच्या गळ्याला बांधणे वेगळे. पहिल्या रचनेत प्रत्येक गाठ आपापले मडके पेलते. दुसऱ्या रचनेत वरच्या गाठीवर दोन्ही मडकी येतात. कॅन्सस सिटीत चौथ्या मजल्याच्या तुळईखालच्या नटावर तसाच दुप्पट भार आला. ती तुळई दोन चॅनल, म्हणजे पन्हळीच्या आकाराचे पोलादी भाग, समोरासमोर ठेवून, कडा वेल्ड करून बनवलेली होती आणि सळईचे भोक नेमके त्या वेल्डमधून पाडलेले होते. भार आल्यावर चॅनलच्या कडा फाकल्या आणि नट तुळईतून आरपार निघाला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने केलेल्या तपासात याहून गंभीर गोष्ट पुढे आली. सळई बदलली नसती, मूळ नकाशाप्रमाणेच काम झाले असते, तरी त्या जोडाची ताकद शहराच्या बांधकाम नियमांनी मागितलेल्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच भरली असती. बदलानंतर ती आणखी निम्म्यावर आली. म्हणजे सळईच्या बदलाने अपघात ओढवला, पण गणिताची उणीव त्याच्या आधीपासून होती. त्या जोडाची आकडेमोड पुरती कोणी केलेलीच नव्हती.

अभियंत्यांचे म्हणणे होते की पोलादी जोडांचा तपशील फॅब्रिकेटरने काढायचा, ही धंद्याची रीत आहे. फॅब्रिकेटरच्या बाजूने पाहिले तर नकाशावर जोड काढलेला होता, त्यामुळे त्याचे गणित अभियंत्याने केलेले असणार, हे धरून चालणे स्वाभाविक होते. बदललेली शॉप ड्रॉइंग अभियंत्यांच्या कार्यालयात गेली आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये तपासल्याचा शिक्का घेऊन परत आली. त्या शिक्क्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने लावला. दोघांच्या मधोमध पडलेल्या त्या एका जोडाच्या गणिताची किंमत ११४ माणसांनी जिवाने मोजली, आणि म्हणूनच हा प्रश्न केवळ वकिलांनी कीस काढण्याचा नाही.

मिसुरी राज्याच्या परवाना मंडळाने अभियंते जॅक गिलम आणि डॅनियल डंकन यांच्यावर कारवाई केली, त्यांचे परवाने रद्द झाले आणि १९८८ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. नकाशावर ज्याचा शिक्का, त्याची त्या नकाशाची जबाबदारी. धंद्याची रीत दाखवून ती दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. काम दुसऱ्याकडून करून घ्यायला हरकत नाही. मात्र ते झाले की नाही, हे पाहण्याचे कर्तव्य शिक्का मारणाऱ्याकडेच राहते.

अमेरिकेतल्या पोलादी बांधकामाच्या प्रचलित संहितेत पुढे हा प्रश्न थेट विचारला जाऊ लागला. अभियंत्याने नकाशातच सांगायचे की जोडाचे पूर्ण गणित तो स्वतः देणार आहे, की दिलेल्या तक्त्यांवरून अनुभवी डिटेलरने जोड निवडायचा आहे, की फॅब्रिकेटरने नेमलेल्या परवानाधारक अभियंत्याने तो काढायचा आहे. मार्ग कोणताही निवडला तरी ती निवड कागदावर उतरते, आणि ‘मला वाटले तू केले असशील’ म्हणायला वाव राहत नाही.

मंजुरीच्या शिक्क्याचे काय, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर सगळीकडे एकच नाही, आणि सामान्य माणसाची फसगत इथेच होते. वर सांगितलेल्या अमेरिकी संहितेनुसार शॉप ड्रॉइंगला मंजुरी दिली की त्यातल्या जोडांच्या ताकदीची जबाबदारी मंजूर करणाऱ्या अभियंत्यावर येते. उलट फिडिक या आंतरराष्ट्रीय सल्लागार-अभियंता संघटनेचे जे नमुना करार जगभर वापरले जातात, त्यांत आराखडा कंत्राटदाराने करायचा असेल तर मालकाच्या अभियंत्याने कागद पाहिले, तपासले, मंजूर केले, तरी कंत्राटदाराची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. भारतातल्या बहुतेक मोठ्या सरकारी करारांची भाषा फिडिकच्या वळणाची आहे. वीज प्रकल्पांत नकाशे ‘कॅटेगरी एक’, ‘कॅटेगरी दोन’ असे शेरे घेऊन परततात. पहिला शेरा मंजुरीचा, दुसरा सूचना पाळण्याच्या अटीवर मंजुरीचा. ‘कॅटेगरी एक’ मिळाली म्हणजे आपण सुटलो, असे समजणाऱ्या उपकंत्राटदाराने करार पुन्हा वाचावा. तो बहुधा सुटलेला नसतो.

राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना ईपीसी करारात हे सविस्तर लिहिलेले आहे. ईपीसी म्हणजे आराखडा, खरेदी आणि बांधकाम एकाच कंत्राटदाराकडे. तो नकाशे प्राधिकरणाच्या अभियंत्याकडे पाठवतो. अभियंत्याने १५ दिवसांत निरीक्षणे कळवायची. मोठ्या पुलांसाठी ही मुदत ३० दिवसांपर्यंत जाते. मुदतीत उत्तर आले नाही तर कंत्राटदार स्वतःच्या जोखमीवर काम पुढे नेऊ शकतो. अभियंत्याने पाहिले, काही सुचवले किंवा अजिबात पाहिले नाही, तरी त्यामुळे कंत्राटदार मोकळा होत नाही. मोठ्या पुलांची आणि संरचनांची गणिते पुन्हा पडताळण्यासाठी वेगळा प्रूफ कन्सल्टंट असतो, मात्र त्याची नेमणूक कंत्राटदारच करतो. ही व्यवस्था कच्ची आहे. ज्याचे गणित तपासायचे त्यानेच तपासनीस नेमावा, हे कितीही अटी घातल्या तरी अवघडलेले नाते राहते. मालकाने थेट नेमलेला तपासनीस थोडा महाग पडेल, पण त्याचा शेरा अधिक मोकळा असेल.

जबाबदारी कोणाची हे ठरले तरी ती किती, हा प्रश्न उरतो. कायद्यात याच्या दोन पातळ्या आहेत. पहिलीत अभियंत्याने त्याच्या व्यवसायातला सक्षम माणूस घेईल तेवढी काळजी घेतली की पुरे. नंतर काही चुकले तरी निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय त्याला भरपाई द्यावी लागत नाही. डॉक्टर आणि वकील याच मापाने मोजले जातात. दुसरीत बांधलेली वस्तू ज्या कामासाठी घेतली त्या कामाला ती उपयोगी पडलीच पाहिजे, कारण काहीही असो. दुकानातून घेतलेला दिवा पेटला नाही तर दुकानदाराने किती काळजी घेतली होती, हे गिऱ्हाईक विचारत नाही. सल्लागाराचा करार बहुधा पहिल्या पातळीवर असतो, आराखड्यासकट काम घेणाऱ्या कंत्राटदाराचा दुसऱ्या. एकच गणित, एकच चूक. पण ती कोणत्या कराराखाली झाली यावर पैसे कोण भरणार हे ठरते.

दोन्ही पातळ्या एकाच करारात शिरल्या तर काय होते, याचा निवाडा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये केला. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यामधल्या सॉल्वे खाडीत रॉबिन रिग नावाचा समुद्रातला पवनऊर्जा प्रकल्प आहे. त्याच्या ६० पवनचक्क्यांचे पाये एमटी होयगार्ड या डॅनिश कंपनीने ई-ऑन या वीज कंपनीसाठी केले. समुद्रतळात ठोकलेल्या जाड पोलादी नळीवर दुसरी नळी टोपीसारखी बसवायची आणि मधल्या फटीत ग्राऊट, म्हणजे सिमेंटचे पातळ मिश्रण, भरायचा, अशी रचना होती. आराखडा डीएनव्ही या प्रख्यात संस्थेच्या ‘जे १०१’ या मानकाप्रमाणे करावा, असे करारात होते. कंपनीने मानक काटेकोर पाळले आणि प्रमाणपत्रही मिळवले. पुढे उघड झाले की त्या मानकाच्या एका सूत्रातच चूक आहे. ग्राऊट आणि पोलाद यांच्यातली पकड सूत्रात खऱ्याच्या सुमारे दहापट धरली गेली होती. टोप्या खाली सरकू लागल्या. दुरुस्तीचा खर्च २ कोटी ६२ लाख ५० हजार युरो ठरला.

कंपनी निष्काळजी नव्हती, हे न्यायालयांनी मान्य केले. पण शेकडो पानांच्या तांत्रिक अटींमध्ये एक ओळ होती: पायांचा आराखडा त्यांना २० वर्षांचे आयुष्य देईल असा असावा. खालच्या अपील न्यायालयाने म्हटले की एवढी मोठी हमी तांत्रिक परिशिष्टाच्या कोपऱ्यातल्या एका ओळीवर टांगता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. मानक पाळा असेही लिहिले असेल आणि हे फळ द्या असेही लिहिले असेल, तर दोहोंतली कडक अट लागू होते. मानक पाळून ते फळ मिळत नसेल, तर मानकाच्या पुढे जाणे कंत्राटदाराचे काम. भरपाई कंपनीवर आली.

या निकालानंतर तांत्रिक परिशिष्टांकडे पाहण्याची नजर बदलायला हवी. आपल्याकडे वकील कराराच्या सामान्य अटी वाचतो, अभियंता तांत्रिक अटी वाचतो, आणि दोघे एकमेकांची पाने उलटत नाहीत. कोट्यवधींची हमी त्या न उलटलेल्या पानांवर असू शकते. विम्याचीही भिस्त तिथेच असते. सल्लागारांचा व्यावसायिक विमा साधारणपणे निष्काळजीपणाला संरक्षण देतो. सल्लागाराने करारात फळाची हमी लिहून दिली असेल, तर त्या हमीपोटीचे नुकसान विमा कंपनी सहसा उचलत नाही. म्हणून छोट्या सल्लागाराने ‘उपयोगी पडेलच’ या अर्थाचे वाक्य सही करण्यापूर्वी खोडून घ्यावे. यात मालकाचेही नुकसान नाही. ज्याच्या मागे विमा नाही, अशा माणसाच्या हमीतून हाती काही लागत नाही.

गणित बरोबर असले तरी त्यात घातलेले आकडे कोणाचे, हा आणखी एक वादाचा विषय. भारतीय मानकानुसार वाऱ्याचा मूळ वेग मुंबईला सेकंदाला ४४ मीटर धरतात, पुण्याला ३९. फरक पाचच मीटरचा दिसतो, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. पुण्यासाठी काढलेली शेड तशीच उचलून मुंबईत उभारली, तर तिच्यावर गणितापेक्षा सुमारे २७ टक्के जास्त दाब येईल. म्हणून चांगल्या कामात प्रत्यक्ष गणिताच्या आधी ‘डिझाईन बेसिस रिपोर्ट’ तयार होतो. वारा, भूकंप, मातीची धारणक्षमता, वापराचा भार, कोणत्या सालची मानके हे सगळे त्यात लिहून दोन्ही बाजू सही करतात. मातीच्या बाबतीत करार सहसा मालकाच्या बाजूने झुकलेले असतात: बोअरच्या नोंदी मालक देतो, त्यांचा अर्थ लावण्याची जोखीम मात्र कंत्राटदाराची. फिडिकच्या ‘सिल्व्हर बुक’ या नमुन्यात तर मालकाने दिलेल्या माहितीतल्या चुकाही थोडे अपवाद सोडून कंत्राटदारावर येतात. निविदेसाठी मिळालेल्या चार आठवड्यांत डोंगराच्या पोटातली माती पडताळणे कोणालाच जमत नाही. त्यामुळे असे कलम स्वीकारणारा कंत्राटदार ती जोखीम किमतीत धरतो, किंवा न धरता नंतर लवादाकडे जातो.

महाराष्ट्रात रोजच्या रोज हा प्रश्न उभा राहतो तो औद्योगिक वसाहतींमधल्या शेडवर. हल्ली बहुतेक शेड कारखान्यात तयार होऊन येणाऱ्या, म्हणजे पीईबी असतात. पोलादी सांगाड्याचे गणित पुरवठादार करतो आणि खांबाच्या तळाशी किती भार येतो त्याचा तक्ता देतो. त्या भारांना ‘रिअॅक्शन’ म्हणतात. त्यावरून मालकाचा आरसीसी कन्सल्टंट पाया काढतो. दोघांच्या मधोमध अँकर बोल्ट असतो. त्याची जाडी आणि संख्या पुरवठादार सांगतो, काँक्रीटमधली खोली कन्सल्टंटने ठरवायची असते. वादळात शेड वर उचलली जाऊ पाहते तेव्हा सगळी मदार याच बोल्टावर असते. पुरवठादाराने नंतर तक्ता सुधारला आणि तो कन्सल्टंटपर्यंत पोहोचलाच नाही, तर पाया जुन्या आकड्यांवर ओतला जातो. पुरवठ्याच्या ऑर्डरमध्ये आणि कन्सल्टंटच्या नेमणूकपत्रात एकेक वाक्य हवे: अँकर बोल्टाचे पूर्ण गणित कोण देणार, आणि सुधारित रिअॅक्शन कोणी कोणाला लेखी कळवायच्या. दोन वाक्यांचेच काम आहे, पण अनेक कामांत ती नसतात.

स्लॅब ओतताना खाली दिलेल्या टेकूंची, म्हणजे सेंट्रिंगची, गोष्ट याहून वाईट. ते तात्पुरते म्हणून सल्लागाराच्या नकाशात नसते. करारात ते कंत्राटदाराचे असते, आणि प्रत्यक्षात सेंट्रिंगवाल्या मिस्त्रीच्या अंदाजाचे. ओले काँक्रीट घनमीटरला सुमारे अडीच टन भरते. दुमजली उंचीवर टेकू लावायचे असतील तर अंदाज पुरत नाही, गणित लागते. ते अभियंत्याच्या सहीचे हवे आणि ओतण्यापूर्वी तपासलेले हवे, ही अट प्रत्येक करारात असायला पाहिजे.

अशी कलमे लिहिताना फार पांडित्य लागत नाही. एक तक्ता लागतो, ज्यात कामाच्या प्रत्येक भागापुढे गणित कोण करणार, कोण तपासणार आणि सही कोणाची हे भरलेले असेल. एकही रकाना रिकामा किंवा ‘संबंधित पक्ष’ अशा शब्दांनी भरलेला नसावा. गणित म्हणजे नुसता संगणकाचा निकाल नाही, गृहीतके आणि मॉडेलसह सगळे पाठवायचे, हे लिहावे. बदल झाला तर कोणती गणिते पुन्हा करायची, हेही लिहावे. कॅन्सस सिटीत सळई बदलली तेव्हा जोडाचे गणित कोणी तपासले नव्हते. मंजुरीच्या शिक्क्याचा अर्थ शिक्क्यावरच छापावा.

सदनिका घेणाऱ्याच्या बाजूने कायदा बराच स्पष्ट आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेत दोष आढळला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. दोष सल्लागाराचा की कंत्राटदाराचा, हे ग्राहकाने सिद्ध करत बसायचे नाही. पण पाच वर्षांनंतरही इमारत उभी असतेच, आणि तिच्या दुरुस्तीला किंवा ३० वर्षांनंतरच्या संरचनात्मक परीक्षणाला मूळ गणिते लागतात. तोवर कन्सल्टंटचे कार्यालय बंद झालेले असू शकते. पुनर्विकासाचा करार करणाऱ्या गृहनिर्माण संस्थांनी म्हणून एवढे तरी करावे: आरसीसी कन्सल्टंटचे नाव, तपासणाऱ्या दुसऱ्या अभियंत्याचे नाव आणि ‘सर्व संरचना गणिते व प्रत्यक्ष बांधकामाचे नकाशे ताब्याच्या वेळी संस्थेकडे सुपूर्द केले जातील’ हे वाक्य करारात घालून घ्यावे, आणि ताबा घेताना ती फाइल मागून घेऊन संस्थेच्या कपाटात ठेवावी.